दादाचा खूर

भावंडांचं बोलणं बंद झालं, तेव्हा थोरल्या ताईनं एक वाट काढली. आपसात काही बोलायचं नाही, फक्त जनावरांची नावं घ्यायची.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण या घराला ते शोभण्यासारखं होतं. भावंडं चार. सगळ्यांत मोठी ताई, तिच्या पाठचा दादा, मग भाऊ आणि शेवटी शेंडेफळ छोटी. छोटीनं साठी ओलांडली होती, जिना चढताना तिचे गुडघे बोलायचे, पण तिला छोटी म्हणणारी माणसं अजून शाबूत होती, म्हणून ती छोटीच राहिली होती.

दादानं लग्न केलं नाही. पेंढा भरलेले आणि बाटल्यांत बुडवलेले प्राणी ठेवतात तशा एका संग्रहालयात तो फोटोग्राफर होता. सरड्याचा पंजा, माशाचा खवला, घुबडाच्या पिसाची कड, असलं काहीतरी भिंगातून टिपण्यात त्याचा जन्म गेला. नोकरी नवी असताना तो बिघडलेले फोटो घरी घेऊन यायचा आणि सगळे जेवायला बसले की एकेक वर धरायचा. जनावराचा बोटभर तुकडा दिसायचा, त्यावरून अख्खं जनावर ओळखायचं. भाऊ घाई करायचा आणि चुकायचा. ताई विचार करून चुकायची. आई मात्र कुठलाही फोटो आला तरी एकच उत्तर द्यायची, मांजर.

"आई, याला खवले आहेत," दादा म्हणायचा.

"असतील. आजारी असेल बिचारी."

तीच आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि सगळं बिनसलं. ती दादाकडेच राहायची. तिचं दुखणं वाढलं, अंथरुणाला खिळली, पण दादानं कुणालाही कळवलं नाही. फोन आला तो 'आई गेली' एवढाच. छोटी पोचली तेव्हा पलंगावरची गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती. त्या गुंडाळलेल्या गादीकडे बघत ती उभी राहिली आणि दादा तिच्यामागे येऊन म्हणाला, "आईनंच बजावलं होतं. पोरांना सांगू नकोस, सगळी रडत बसतील, मला शांतपणे जाऊ दे."

"आईनं असं म्हणणं शक्य नाही," छोटी म्हणाली. "तुला गर्दी नको होती, ते सांग की सरळ."

शब्दानं शब्द वाढला. भाऊ मध्ये पडला तो समजूत घालायला, आणि त्याचंच दादाशी वाजलं. शेवटी छोटी सगळ्यांदेखत म्हणाली, "आईची शपथ घेऊन सांगते, तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही आणि तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

दादा म्हणाला, "बरं."

ते 'बरं' तिच्या जिव्हारी लागलं. भांडला असता, रागावला असता, तर कदाचित पुढच्या महिन्यात सगळं निवळलं असतं.

छोटीची शपथ म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती नेमाची बाई. सकाळी देवासमोर बसल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट घ्यायची नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं साखर सोडली होती, ऑपरेशन नीट झालं, आईला सुई ओवता येऊ लागली, तरी साखर सुटली ती सुटलीच. मोडायचं कशाला, म्हणायची, सोडली ती देवाला दिली, दिलेलं कुणी परत मागतं का.

म्हणून ताईनं ही शक्कल लढवली. फोनवर चौघांचा गट केला. दादानं रोज सकाळी एक फोटो टाकायचा, त्याच्या जुन्या खोक्यांतला. बाकीच्यांनी जनावराचं नाव लिहायचं. दिवेलागणीला दादानं उत्तर द्यायचं. याखेरीज एक अक्षर लिहायचं नाही. कुणाला नातू झाला, कुणाचा दात पडला, काही नाही. "शब्दाला शब्द घासला की ठिणगी पडते," ताई म्हणाली. "जनावरांवरून आपण कधी भांडलो नाही." गटाला नाव काय द्यायचं, तर भाऊ म्हणाला, प्राणिसंग्रहालय ठेवा, आपण चौघं पुरे आहोत.

छोटीच्या नवऱ्याला याची फार गंमत वाटायची. तो बसचा ड्रायव्हर होता, आता घरी बसून होता आणि बोलायला त्याला काहीही पुरायचं.

"काल दादाला 'पाणघोडा' म्हणालीस. मोडली की शपथ."

"पाणघोडा म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे."

"मग काय? माझ्याशी एवढं आयुष्यभर बोललीस, त्यात पाणघोडा कधी आला नाही, हे माझं नशीब म्हणायचं."

छोटी हसायची नाही, पण पदरानं तोंड पुसायची. खरं सांगायचं तर दिवसभरात त्या एका शब्दाची ती वाट बघायची. शिंप्याच्या दुकानात ती काज-बटणांचं काम करायची. बटणांच्या डब्याला टेकवून फोन उभा ठेवलेला असायचा. सकाळी फोटो आला की सुई हातातच थांबायची. फोटो आला म्हणजे दादा उठला, चहा प्याला, खोकं उघडलं. उत्तर आलं म्हणजे दादानं दिवा लावला. यापलीकडे तिला काही विचारता येत नव्हतं आणि ती विचारतही नव्हती.

आणि मग एका सकाळी तो पिवळा फोटो आला.

नेहमीच्या फोटोंसारखा तो नव्हता. खोक्यातल्या फोटोंना कडेला थोडा जुनेपणा असायचा, हा कोरा करकरीत होता. सगळं पिवळं, जुन्या हस्तिदंताच्या रंगाचं, ओलसर, आणि एका बाजूनं केसाएवढ्या लाल रेषा फुटलेल्या. ताईनं लिहिलं, कासवाचं पोट. भाऊनं लिहिलं, बेडूक. छोटीनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, त्यांना या खेळाची सवय झाली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला आणि म्हणाले, "सुसर असेल. सुसरीचं असलंच काहीतरी असतं." तिनं सुसर लिहिलं.

दिवेलागण झाली, उत्तर आलं नाही.

विसरला असेल, छोटी म्हणाली. वय झालं. दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो आला. जाड, ताणलेलं कातडं आणि मधोमध एक खळगा, कुणी ओल्या मातीत बोट दाबून काढून घ्यावं तसा. भाऊनं लिहिलं, हत्ती. ताईनंही हत्ती लिहिलं. सगळ्यांपेक्षा वेगळं म्हणून छोटीनं गेंडा लिहिलं. संध्याकाळी पुन्हा शुकशुकाट. भाऊला राहवलं नाही, त्यानं लिहिलं, 'उत्तर?' नियम मोडला. ताईला त्याला रागवायचं होतं, पण तिलाही नियम होताच, तिनं नुसतं लिहिलं, 'गाढव'. छोटी आणि तिचा नवरा दोघंही त्यावर बराच वेळ हसत बसले होते. ते हसणं तिला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

तिसरा फोटो आला तो खुराचा. फटीनं मधोमध दुभंगलेला, कडा पिवळ्या आणि कळकट. भाऊ म्हणाला बकरी. ताई म्हणाली डुक्कर. छोटीनं लिहिलं हरीण. लिहून तिला बरं वाटलं, या वेळी आपलं बरोबर येणार.

मग ती कामाला लागली. एका कोटाची काजं घ्यायची होती. काज म्हणजे आधी कापडाला चीर द्यायची आणि मग दोन्ही कडा दोऱ्यानं बांधून घ्यायच्या, चीर तशीच उघडी ठेवायची. तिनं चीर दिली, कडा बोटांनी जरा दूर केल्या, आणि सुई तिथंच राहिली.

ती पाच वर्षांची होती तेव्हा कशावरून तरी चिडून तिनं दार आपटलं होतं आणि दाराखाली दादाच्या पायाचा अंगठा सापडला होता. नख काळं पडलं, गळलं, आणि परत आलं ते मधोमध दुभंगून. पुढं जन्मभर घरात त्याला दादाचा खूर म्हणत. नखं कापायला बसला की दादा म्हणायचा, "छोटीनं मला माणसातून उठवलं, बघा, आता गोठ्यात बांधा."

तिनं फोन हातात घेतला. खुरामागचं कातडं बोटांनी मोठं करून पाहिलं. त्यावर केस होते, माणसाच्या पायावर असतात तसे, विरळ आणि पांढरे. मग तिनं मागचे दोन्ही फोटो काढले. सुजलेल्या पायावर दाबलेलं बोट. डोळ्याचं पांढरं, जे आता पांढरं उरलं नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "आज मी जाते."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कोट स्वतःकडे ओढून घेतला.

घरी जाऊन तिनं ताईला फोन केला. ताई दूरच्या गावी मुलाकडे असायची, काठीशिवाय तिला चालता येत नव्हतं.

"ताई, ते प्राणी नाहीत. तो दादा आहे."

"कोण दादा आहे?"

"फोटोत. तिन्ही फोटोंत. आपण त्याला डुक्कर म्हटलं."

ताई म्हणाली, "थांब, मी लावते त्याला फोन. तू तर लावणार नाहीस." त्या शेवटच्या वाक्यातली टोचणी छोटीला बरोबर लागली. थोड्या वेळानं ताईचा फोन आला. "बोलले मी. सर्दी झालीय म्हणतो. आवाज जरा बसलाय, बाकी ठीक. फोटोंचं विचारलं तर म्हणाला, हरलात ना सगळी? चेष्टा करतोय गं. एकट्या माणसाला असले उद्योग सुचतात."

"ताई, तो पिवळा झालाय."

"फोनवर रंग खरे दिसतात का? माझी सून फोनवर गोरी दिसते." ताईनं विषय हसण्यावारी नेला, पण फोन ठेवताना म्हणाली, "तू काळजी करू नकोस," आणि त्या 'करू नकोस'मध्ये तिची स्वतःची काळजी ऐकू आली.

छोटी देवासमोर जाऊन बसली. भलत्या वेळी ती तिथं कधी बसत नसे. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"जायचंय का?"

"शपथ आहे."

"ती आहेच. आई असती तर काय म्हणाली असती हे फोटो बघून?"

"मांजर म्हणाली असती," छोटी म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. नवऱ्यानं पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि तिची पिशवी भरायला घेतली. दोन साड्या, टॉवेल, औषधाच्या गोळ्या. तिनं अडवलं नाही. देवाला तिनं एवढंच सांगितलं, की मी मोडते आहे, मुद्दाम मोडते आहे, चुकून नव्हे. त्याचं काय घ्यायचं ते माझ्याकडून नंतर घे.

ताईला तिनं निघाल्याचं कळवलं नाही. एवढा ताठा मिरवून झाल्यावर आपण होऊन मान खाली घातली, हे सांगायला जीभ वळेना.

संध्याकाळी ती पोचली, तेव्हा दादाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून एक नर्स बाहेर पडत होती. वरच्या मजल्यावर राहणारी, कामावर जाता-येता त्याला इंजेक्शन देऊन जाणारी.

"कोण आपण?"

"बहीण."

"बहीण आहे त्यांना?" नर्सला खरंच नवल वाटलं. "मला म्हणाले, कुणी नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "यकृत गेलंय. हॉस्पिटलनं घरी पाठवलं, डॉक्टरांनी हात टेकलेत. आता वेदना होऊ द्यायच्या नाहीत, एवढंच आपल्या हातात. फार दिवस नाहीत. आलात ते बरं केलंत."

छोटीनं चपला काढल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि आत पाऊल टाकलं. काही झालं नाही. तीन वर्षं ज्याला आपण भिऊन होतो ते इतकं हलकं असतं, याचीच तिला लाज वाटली.

तोच पलंग, आई होती तो. दादाचं पोट वर आलेलं, हातापायांच्या काड्या, पाय मात्र फुगलेले, आणि अंगाचा रंग फोटोत होता त्याहून गडद. डोळे उघडे होते.

"हरीण," दादा म्हणाला. "डुकरापेक्षा बरं."

"तू खुळा आहेस का?" ती म्हणाली. तीन वर्षांनंतर भावाशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. "सरळ सांगायला काय झालं होतं?"

"ताईचा नियम होता ना. फक्त जनावरं." तो हसला, मग हसणं दुखलं म्हणून थांबला. "बघत होतो, कुणाला ओळखू येतंय का."

तिनं त्याचं अंग पुसलं, चादर बदलली, खिडकी उघडली. चमच्यानं साखरपाणी पाजलं. दोघंही मागचं काही बोलले नाहीत. अंगाला खाज सुटायची त्याच्या, ती ओल्या फडक्यानं पाठ चोळायची आणि तो डोळे मिटून पडून राहायचा, लहानपणी आईकडून पाठ चोळून घ्यायचा तसा. तिला वाटलं, बस, एवढ्यासाठीच आले होते मी.

रात्री तो म्हणाला, "छोटे, ताईला आणि भाऊला कळवायचं नाही."

तिचा हात थांबला.

"ताईला जिना चढवणार कोण? भाऊ येणार, माझ्या उशाशी बसून हुंदके देणार, डॉक्टरांना शिव्या घालणार. मला ते सोसणार नाही. तू आलीस ती आलीस. तू गप्प बसणारी आहेस. शब्द दे."

"दादा, त्यांना मागून कळलं तर..."

"मागून रागावतील. मला कुठं ऐकू येणार आहे? शब्द दे."

तो इतका थकला होता, की नाही म्हणायला तोंड उघडेना. ती म्हणाली, "बरं."

म्हणाली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. हेच 'बरं'. असंच कुणीतरी या पलंगावरून मागितलं होतं आणि असंच ते देऊन झालं होतं.

"आईनं खरंच सांगितलं होतं तर," ती हळूच म्हणाली. "कळवू नकोस म्हणून."

"तुला पटलं का आता?"

"पटलं."

दादा छताकडे बघत होता. मग त्याचे डोळे मिटले. झोपला असं वाटलं, तेवढ्यात तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी मात्र विचारत होती."

"काय?"

"छोटी कुठंय म्हणून. दाराकडे बघायची. मी म्हटलं, आई, तूच नको म्हणाली होतीस ना. मग गप्प झाली. पुन्हा नाही विचारलं." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "फोन करणार होतो. म्हटलं, तिला शब्द दिलाय. आणि तू पोचलीही नसतीस वेळेवर. नसतीस पोचली, छोटे. मी हिशोब करून पाहिलाय, पुष्कळदा."

तिला काही म्हणायचं होतं. दादाचा श्वास जड झाला आणि औषधानं त्याला झोपेत ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं खोकं काढायला लावलं. "रोजच्यासारखा एक टाक. माझ्या फोनवरून. नाहीतर ताई पुन्हा फोन करील." त्यानं स्वतः फोटो निवडला, वटवाघळाच्या कानाचा. छोटीनं तो टाकला. भाऊनं लिहिलं, पानावरची अळी. ताईनं लिहिलं, वटवाघूळ. त्यांना फसवायचं म्हणजे आपणही खेळायला हवं, म्हणून छोटीनं स्वतःच्या फोनवरून लिहिलं, उंदीर. लिहिताना बोटं जड झाली. आयुष्यात ती खोटं फार थोडं बोलली होती, आणि उत्तर माहीत असून चुकीचं लिहिणं हे खोटंच, मग ते उंदराचं का असेना.

संध्याकाळी दादाच्या सांगण्यावरून तिनंच उत्तर टाकलं. पाच मिनिटांत तिचा फोन वाजला. ताई. छोटी स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं.

"बघ," ताईच्या आवाजात किती दिवसांनी असा हलकेपणा होता. "उत्तरं द्यायला लागला परत. मी म्हटलं नव्हतं सर्दी आहे? आणि माझंच बरोबर आलं हो, भाऊला सांग, पानावरची अळी म्हणे. मी काल रात्री डोळ्याला डोळा लावला नाही, तुझ्यामुळे. आता स्वस्थ झोपते."

"हं," छोटी म्हणाली.

"उन्हं कमी झाली की मी जाणार आहे त्याच्याकडे. काठी टेकत का होईना. पुरे झाला हा खेळ. तूही चल. शपथ शपथ काय करतेस, दार काही तुला खाणार नाही."

"हं."

"तुझा आवाज का असा येतोय? कुठं आहेस?"

"स्वयंपाकघरात," छोटी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. भांडी घासायची राहिली होती, ती घासली. घासलेली पुन्हा घासली. दादाला तिनं शब्द दिला होता. दिलेला शब्द परत घ्यायचा नाही, यावर तर तिचा जन्म उभा होता. पण आई दाराकडे बघत गेली, तीही दिलेल्या शब्दामुळेच. दादानं शब्द पाळला होता. तिनं शपथ पाळली होती. सगळ्यांनी सगळं पाळलं होतं आणि आईनं एकदा विचारून पुन्हा विचारलं नव्हतं. नेम माणूस देवासाठी धरतो, असं ती समजत आली होती. हा कुणासाठी धरला होता, ते तिला सांगता येईना.

आत दादा कण्हला. ती गेली, त्याला कुशीवर वळवलं. "कुणाचा फोन?" त्यानं विचारलं. "ताईचा. तिचं बरोबर आलं म्हणून खूश होती," ती म्हणाली. दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि त्यानं विचारलं, "आणखी काय म्हणाली?" असं विचारणाऱ्याला कुणी नको असतं का, ते छोटीला कळेना. तिनं विचारलं, "बोलवू का तिला?"

"नको म्हटलं ना."

ती परत स्वयंपाकघरात आली आणि फोन हातात घेतला. खेळाच्या नियमाप्रमाणे उत्तरं द्यायची राहिली होती. तिनं लिहिलं:

'पहिला फोटो दादाचा डोळा. दुसरा दादाचा पाय. तिसरा दादाचा अंगठा. मी इथंच आहे. आजचा फोटो मी टाकला, तो खोटा. दादा जातोय. दोघंही या, थांबू नका.'

आतल्या खोलीत उशाशी दादाचा फोन वाजला, कारण गट चौघांचा होता. तिनं ते लक्षात ठेवूनच लिहिलं होतं. ती दारात जाऊन उभी राहिली. दादानं फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं, त्याला वेळ लागला.

"तू शब्द दिला होतास," तो म्हणाला.

"दिला होता."

"साखर सोडलीस तर आजवर खाल्ली नाहीस. आणि मला दिलेला शब्द एका दिवसात..."

"आई दाराकडे बघत गेली, दादा."

"मी आई नाही," दादा म्हणाला. त्यानं फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

भाऊ आधी आला, आणि दादा म्हणाला होता तस्साच आला, जिन्यातूनच हुंदके देत. नर्सला उलटसुलट विचारून त्यानं बेजार केलं. मग दादाच्या उशाशी बसला आणि एकदम लहान होऊन म्हणाला, "मी तुला बेडूक म्हटलं रे." दादा त्याला म्हणाला, "नेहमीचंच आहे तुझं. घाई." दुसऱ्या दिवशी ताई आली. तिचा मुलगा आणि शेजारचा एक माणूस यांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. तिनं काठी टाकली, दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसून राहिली. दादा तिच्याकडे एकटक बघत होता. मग म्हणाला, "जिना चढलीस?" ताई म्हणाली, "उचलून आणली. पालखीतून." दोघंही हसले, आणि मग दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

छोटी हे दारातून बघत होती. ती पुढं आली की दादाचे डोळे मिटायचे. तिनं चमचा धरला की ओठ घट्ट व्हायचे. ताईच्या हातून तो घोट घ्यायचा, भाऊच्या हातून घ्यायचा. छोटी चादरी बदलायची, त्या वेळी तो अंग सैल सोडायचा, पण हूं की चूं नाही. दोन दिवस ताईच्या हे लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, "तुझ्यावर का रागावलाय गं तो? आता कसला राग?"

"नको होतं त्याला, तुम्हाला कळवायला."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. "मग कळवलंस ते?"

"कळवलं."

"मी बोलते त्याच्याशी. असा कसा जाईल, तुझ्याशी न बोलता?"

"नको," छोटी म्हणाली. "त्याला थकवू नकोस. जेवढा दम आहे तेवढा तुमच्याशी बोलू दे."

संध्याकाळी दादाचे ओठ फारच सुकले. भाऊ औषध आणायला बाहेर गेला होता, ताईचा खुर्चीतच डोळा लागला होता. छोटीनं पेल्यात पाणी घेतलं आणि पलंगाशी गेली.

"दादा, पाणी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता तोंड मिटलं. राग होता की आता नुसती सवय उरली होती, ते तिला कळलं नाही. तिनं पेला ओठांना लावून पाहिला. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. तिनं ते पुसलं.

मग तिनं ताईला हलकेच हलवून जागं केलं. पेला तिच्या हातात दिला, चमचा दिला, आणि बोटानं दादाकडे दाखवलं. स्वतः खोलीबाहेर आली आणि दार थोडं ओढून घेतलं, आतून आपली सावलीही दिसू नये इतकं. भिंतीला टेकून ती उभी राहिली. आत ताई म्हणत होती, "घे रे, एक घोट, माझ्यासाठी." चमचा पेल्यावर वाजला. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग घशातून पाणी उतरल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा आला. छोटी तिथंच उभी राहून ऐकत राहिली, पेला रिकामा होईपर्यंत.